मंत्राची किल्ली



आजच्या विषयाला मी बैलबाजारापासून प्रारंभ करतो. आपल्यापैकी ज्यांनी आठवड्याचा बाजार पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव बोलतात. भोवती पन्नास माणसे उभी असतात, पण एकालाही आकडा कळत नाही. परक्या माणसाला ती काहीतरी करणी वाटेल. दलालाला विचाराल तर तो हसेल, कारण त्याच्या लेखी ते दहा बोटांचे गणित आहे. आपली मुले वडीलधाऱ्यांसमोर 'च'ची भाषा बोलतात, त्यातही हेच. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याला व्यवहार दिसतो, ज्याच्याजवळ नाही त्याला गूढ दिसते. खुणा त्याच, डोळेही तसेच. फरक पडतो तो किल्लीचा.

ही किल्ली हरवली, किंवा कोणी मुद्दाम लपवून ठेवली, म्हणजे काय होते? माणसे त्या खुणांना भिऊ लागतात, कोणी त्यांची पूजा करतो, कोणी त्या जाळायला निघतो. आणि खुणा मांडणारा माणूस एकतर महात्मा ठरतो, नाहीतर चेटक्या. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका मठाधिपतीच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याचे एक पुस्तक भुतांना वश करण्याचे पुस्तक म्हणून गाजले, त्याच्यावर बंदी आली, आणि त्याचा शेवटचा भाग उलगडल्याचे जगाला कळायला १९९६ साल उजाडावे लागले. त्या पुस्तकाची हकिकत मी आज सांगणार आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर शेवटी येईल.

या मठाधिपतीचे नाव योहानेस ट्रिथेमियस. मोझेल नदीच्या काठी ट्रिटेनहाइम नावाचे गाव आहे, तेथे १४६२ साली त्याचा जन्म झाला. बाप लहानपणीच वारला. सावत्र बापाला शिक्षणाचा तिटकारा, त्यामुळे पंधरा वर्षांचा होईपर्यंत मुलाला अक्षरओळखही नव्हती. पुढे तो चोरून शिकला आणि घर सोडून ज्ञानासाठी वणवण हिंडला. शाळेचा उंबरठा ज्यांना उशिरा दिसला, किंवा दिसलाच नाही, त्यांना या मुलाबद्दल आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही. १४८२ सालच्या हिवाळ्यात हायडेलबर्गहून घरी परतताना हिमवादळाने त्याला गाठले. आसऱ्यासाठी तो श्पोनहाइमच्या मठात शिरला तो तेथेच राहिला, आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या मठाचा प्रमुख झाला.

मठ दरिद्री होता. ग्रंथालय म्हणावे तर पन्नासेक पुस्तके. ट्रिथेमियसने वीस-बावीस वर्षांत ती संख्या दोन हजारांच्या घरात नेली आणि लांबलांबचे विद्वान तेथे येऊ लागले. तो काळ छपाईच्या नव्या यंत्राचा होता. पोथ्यांच्या नकला करणाऱ्या हातांचे काम यंत्र हिरावून घेत होते. १४९२ साली ट्रिथेमियसने नकलकारांच्या बाजूने एक पुस्तक लिहिले. हाताने लिहिण्यात जी साधना आहे ती यंत्रात नाही, आणि चर्मपत्रावरचे लेखन छापील कागदापेक्षा कितीतरी अधिक टिकेल, असे त्याचे म्हणणे. आणि गंमत अशी की, हे पुस्तक त्याने १४९४ साली माइन्झ येथे छापून घेतले! यंत्राविरुद्ध बोलायचे तर बोलणे पसरवायला यंत्रच लागते, हा पेच काही आजचा नव्हे.

अशा या माणसाने १४९९ च्या सुमारास 'स्टेगानोग्राफिया' हा ग्रंथ लिहायला घेतला. ग्रीक शब्दांपासून बनवलेल्या या नावाचा अर्थ 'झाकलेले लेखन'. घेंट येथील आर्नोल्ड बोस्टियस या साधुमित्राला पत्र लिहून त्याने ग्रंथाचा गाजावाजा केला. कोणत्याही दूताच्या तोंडी निरोप न देता दूरच्या माणसाला मनातले कळवता येते. लॅटिनचा गंधही नसलेल्या माणसाला थोड्याच वेळात सुंदर लॅटिन पत्र लिहायला लावता येते. आणि ही विद्या आपल्याला स्वप्नात स्फुरली, असा त्या पत्राचा सूर होता. दुर्दैव असे की, पत्र पोचण्यापूर्वीच बोस्टियस वारला. पत्र दुसऱ्यांच्या हाती पडले, त्यांनी ते वाचले, आणि हा मठाधिपती पिशाच्चविद्या करतो ही आवई सर्वत्र उठली. पुढे शार्ल द बोव्हेल हा फ्रेंच विद्वान पाहुणा म्हणून मठात आला. त्याने पुस्तकाची पाने चाळली आणि परत गेल्यावर, हे पुस्तक जाळण्याच्याच लायकीचे आहे, असे लिहून कळवले. १५०५ साली ट्रिथेमियस बाहेरगावी असता मठातल्या साधूंनीही त्याच्याविरुद्ध उचल केली. त्याने श्पोनहाइम सोडले आणि व्यूर्त्सबुर्गच्या एका मठात उरलेले आयुष्य काढले. तेथेच १५१६ साली तो वारला. 'स्टेगानोग्राफिया' त्याच्या हयातीत छापली गेली नाही.

बोव्हेलने त्या पानांत असे काय पाहिले? पहिल्या भागात एकेका प्रकरणाला एकेका भुताचे नाव आहे. ते भूत कोणत्या दिशेचा स्वामी, त्याच्या हाताखाली किती सेवक, दिवसाचे कोणते, रात्रीचे कोणते, हे सारे मांडले आहे. मग त्याला बोलावण्याचा मंत्र, आणि मंत्र ऐकून अंगावर काटा यावा अशी त्याची भाषा. तो मंत्र धड लॅटिनही नव्हे, ग्रीकही नव्हे, हिब्रूही नव्हे. मात्र शेजारी एखादे साधे, भाविक पत्र दिलेले असते. मंत्र म्हणा, पत्र दूताबरोबर पाठवा, पलीकडच्या माणसाने तोच मंत्र म्हटला की भूत येऊन खरा निरोप कानात सांगेल, अशी ग्रंथाची ग्वाही.

आता यातली मेख पाहा. मूळ मंत्र देण्याऐवजी मी आपल्यासाठी मराठीत एक मंत्र रचून आणला आहे. घाबरू नका, त्याने काही होत नाही.

हिरिंब कसामव झालरुण लधतर फुंकार किंहा.

यातला पहिला शब्द सोडा, दुसरा घ्या. तिसरा सोडा, चौथा घ्या. पाचवा सोडा, सहावा घ्या. घेतलेल्या शब्दांतही पहिले अक्षर सोडा, दुसरे घ्या. तिसरे सोडा, चौथे घ्या. 'कसामव' मधून सा आणि व आले. 'लधतर' मधून ध आणि र आले. 'किंहा' मधून हा आला. सगळे ओळीने वाचा: सावध रहा.

ट्रिथेमियसच्या पहिल्या भागातले कित्येक मंत्र याच धाटणीचे आहेत. आणि खरी खुबी पुढेच आहे. मंत्र उलगडल्यावर त्यातून जे वाक्य निघते ती बहुधा एक सूचना असते: शेजारच्या पत्रातल्या शब्दांची पहिली अक्षरे घे, किंवा अमुक इतके शब्द सोडून घे. म्हणजे मंत्र हा निरोप नव्हेच, निरोप वाचण्याची कृती आहे. भुताचे नाव हे त्या कृतीचे नाव. भुताला 'हाक मारणे' म्हणजे ती कृती चालू करणे. हाताखालचे सेवक म्हणजे निरर्थक भरीची आणि कामाची अक्षरे. आज संगणकावर काम करणारी आपली मुले हेच करतात. कृतींची यादी लिहून ठेवायची, यादीला नाव द्यायचे, आणि त्या नावाने हाक मारली की यंत्राने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत निमूटपणे पार पाडायची. तिला आपण आज्ञावली म्हणतो. ट्रिथेमियसपाशी यंत्र नव्हते. आज्ञा पाळायला माणूस होता, एवढाच फरक.

ही गोष्ट त्याच्या दुसऱ्या ग्रंथात अधिक उघड होते. 'पॉलिग्राफिया' हा ग्रंथ त्याने १५०८ साली पुरा करून सम्राट मॅक्सिमिलियनला अर्पण केला. तो छापला गेला १५१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. आणि गुप्तलेखनावरचा जगातला पहिला छापील ग्रंथ तो हाच. त्याच्या पहिल्या भागात रकान्यांमागून रकाने आहेत. प्रत्येक रकान्यात वर्णमालेच्या एकेका अक्षरासमोर एकेक लॅटिन शब्द. आपल्या निरोपाचे पहिले अक्षर पहिल्या रकान्यात शोधा, समोरचा शब्द लिहा. दुसरे अक्षर दुसऱ्या रकान्यात शोधा, तेथला शब्द लिहा. रकाने अशा बेताने लावले आहेत की, कोणताही शब्द निवडला तरी वाक्य जुळते आणि बघता बघता शुद्ध लॅटिनमधली प्रार्थना कागदावर उतरते. वाटेत कोणी पत्र फोडले तर त्याला भक्तीशिवाय काही दिसणार नाही. लॅटिन न येणाऱ्याकडून लॅटिन लिहून घेण्याचा जो 'चमत्कार' बोस्टियसच्या पत्रात होता, तो हा. लिहिणाऱ्याला काय लिहिले आहे ते कळत नाही, तरी लिहिलेले बरोबर असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. अर्थ न कळता केलेले बिनचूक काम, ही यंत्रयुगाची नांदी आहे. आणि आम्हा कामगारांच्या पुष्कळ दुःखांचे मूळही तेच आहे.

याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात चित्रविचित्र लिप्या आहेत. त्यांतली 'थीबन' नावाची एक लिपी आजही युरोप-अमेरिकेत चेटकिणींची लिपी म्हणून मिरवते. ती उलगडायला कोणती सिद्धी लागत नाही. एका खुणेला एक रोमन अक्षर, इतकाच हिशेब. मजकूर पुरेसा मोठा असला म्हणजे कोणती खूण वारंवार येते ते मोजावे. भाषेत जे अक्षर सर्वांत अधिक येते ते बहुधा तेच. एकदा दोन-तीन अक्षरे सापडली की बाकीची शब्दांतल्या जागेवरून आपोआप ओळखू येतात. आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्यात मोडीचे दप्तर सापडते, आणि त्यात पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा असेल म्हणून भाऊबंद भांडतात. मोडी जाणणारा येतो आणि सांगतो की, ही तर सारा भरल्याची पावती आहे. तशातलीच ही गोष्ट.

'स्टेगानोग्राफिया' अखेर १६०६ साली फ्रँकफुर्टला छापली गेली. तिच्याबरोबर पहिल्या दोन भागांची किल्लीही छापून बाहेर पडली. म्हणजे ज्याला डोळे होते त्याला त्याच वर्षी समजायला हरकत नव्हती की, ही भुते म्हणजे अक्षरे आहेत. तरीही १६०९ साली रोमच्या धर्मपीठाने ग्रंथाला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. किल्ली समोर असून लोकांना कुलूपच दिसत राहिले! भीतीला पुरावा पुरत नाही, हा धडा या एका घटनेत आहे.

पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. किल्लीत तिसऱ्या भागाचा उलगडा नव्हता. तो भाग अपुरा आहे, शनी ग्रहापाशीच तुटतो. त्यात ग्रहांची भुते आहेत आणि आकड्यांचे तक्ते आहेत, ज्योतिषाच्या पंचांगात असावेत तसे. १६७६ साली माइन्झच्या हायडेल नावाच्या पंडिताने, आपण तो भाग उलगडला, असे छापून जाहीर केले. पण उलगडा लिहिला तो पुन्हा गुप्तलिपीत! परिणाम असा झाला की, कोणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. तिसरा भाग निव्वळ पिशाच्चविद्येचा, असेच पुष्कळ विद्वान धरून चालले. १९५८ साली डी. पी. वॉकर या मोठ्या इतिहासकारानेही तसेच मत दिले. विद्वत्ता कमी होती असे नव्हे. कोणी आकडे धरून बसले नव्हते.

ते काम दोघांनी केले, आणि एकमेकांना न कळता केले. एक टॉमस अर्न्स्ट, अमेरिकेत जर्मन भाषा शिकवणारे अध्यापक. त्यांचा लेख १९९६ साली आला. दुसरे जिम रीड्स, तेथलेच गणिती. त्यांचा निबंध १९९८ सालचा. ग्रह, भुते, मंत्र सारे बाजूला ठेवून त्यांनी नुसते आकडे पाहिले. ते पंचवीस-पंचवीसच्या टप्प्यांत पडतात असे दिसून आले. पंचवीसचा फरक असलेले आकडे एकच अक्षर दाखवतात. वर्णमाला मात्र उलट्या क्रमाने लावलेली. म्हणजे एका अक्षराला अनेक आकडे, जेणेकरून मोजणाऱ्याला कोणते अक्षर अधिक येते ते चटकन सापडू नये. ही गाठ सुटली आणि तिसऱ्या भागातून काय निघाले? ब्रह्मज्ञान नव्हे, गुप्तधनही नव्हे. सरावासाठी रचलेले, बहुतेक सगळी अक्षरे वापरणारे एक लॅटिन वाक्य. एका स्तोत्राचा प्रारंभ. आणि एक रांगडा इशारा, की हे पत्र आणणारा माणूस लुच्चा आणि चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा. चारशे नव्वद वर्षे लोक ज्याला भिऊन होते ते हे! हायडेलचे गूढ लेखनही या दोघांनी सोडवले आणि तो खरे बोलत होता असे ठरले. बिचाऱ्याने उत्तर उघड लिहिले असते तर तीनशे वर्षांचा मान त्याला मिळाला असता. ज्ञान लपवणाऱ्याला अखेर ज्ञानाचे श्रेयही मिळत नाही.

आता या धाग्याचे दुसरे टोक थोडक्यात सांगतो. 'पॉलिग्राफिया' मध्ये एक चौकोनी तक्ता आहे. त्यात वर्णमाला ओळीगणिक एकेक घर सरकत जाते. याच तक्त्याला १५५३ साली बेलासो या इटालियनाने किल्ली-शब्दाची जोड दिली, आणि पुढे व्हिजनेर या फ्रेंच गृहस्थाच्या नावाने ती रीत अभेद्य म्हणून प्रसिद्ध झाली. ती भेदली कोणी? १८५४ च्या सुमारास चार्ल्स बॅबेजने. हे बॅबेज म्हणजेच आज्ञावलीवर चालणाऱ्या गणकयंत्राची कल्पना प्रथम मांडणारे. त्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यांनी भोके पाडलेले पत्ते घेतले, ते लियाँच्या जॅकार्ड मागावरून. १८४३ साली एडा लव्हलेस या बाईंनी त्या यंत्रावर टिपणे लिहिली, त्यांतही याच मागाशी तुलना आहे. सोलापूरच्या चादरीवरची नक्षी ज्यांनी मागावर उठताना पाहिली आहे त्यांना पत्त्यांची ती माळ वेगळी समजावून सांगायला नको. जेथे भोक तेथे सुत उचलले जाते, जेथे नाही तेथे खाली राहते. होय आणि नाही, एवढ्या दोन खुणांवर सारी नक्षी. संगणकाचे पोटही याच दोन खुणांनी भरलेले आहे.

आणि आठवण ठेवा, ज्या लियाँने जगाला हा माग दिला त्याच लियाँचे रेशीम-विणकर १८३१ आणि १८३४ साली रस्त्यावर उतरले. १८३१ चे त्यांचे भांडण मागाशी नव्हते, विणकामाचा किमान दर ठरवून द्या एवढेच मागणे होते. नक्षीची भाषा ते जाणत होते. त्यांच्या मजुरीचा हिशेब मात्र दुसऱ्यांच्या वहीत होता.

आता मी सुरुवातीला दिलेले वचन पुरे करतो. काही वर्षांपूर्वी एका कापड कारखान्यात प्रत्येक मागावर एक छोटा डबा बसवला गेला. माग थांबला की डब्यावर लाल दिवा लागे आणि एक आकडा उमटे. महिनाअखेर पगारपत्रकात त्या आकड्यांप्रमाणे कपात. आकड्यांचा अर्थ विचारला तर, ते गणित यंत्राचे आहे, तुम्हाला कळायचे नाही, असे उत्तर. दोघा-तिघांनी डब्यावर लिंबू-मिरची बांधली. एक वयस्कर विणकर मला म्हणाले, "भाऊ, ह्या डब्यात काय बसलंय ते तुम्ही तरी सांगा." खरे सांगतो, मलाही सांगता आले नाही.

सांगितले ते एका तरुण मुलाने. दहावी नापास. त्याने शंभर पानी वही घेतली आणि रोज टिपायला लागला: वेळ, मागाचा नंबर, डब्यावरचा आकडा, आणि त्या क्षणी मागावर खरोखर काय झाले ते. इतर पाळ्यांतल्या चौघांनाही त्याने हेच करायला लावले. अडीच महिन्यांनी वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या आणि आकडे बोलू लागले. हा आला की बाण्याचे सूत तुटलेले असते. तो आला की वीज कमी-जास्त झालेली असते. आणि एक आकडा फक्त तेव्हाच येतो जेव्हा बीम संपलेली असते आणि गोदामातून दुसरी आलेली नसते. बीम वेळेवर न येण्यात विणकराचा दोष काय? तरी तो सारा वेळ त्याच्या नावावर आळस म्हणून पडत होता. वह्या आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर ठेवल्या. त्या एका आकड्याची कपात बंद झाली. बाकीच्या आकड्यांचा वाद पुष्कळ दिवस चालला आणि सगळाच काही आमच्या बाजूने सुटला नाही. पण त्या दिवसानंतर डब्यावर लिंबू कोणी बांधले नाही.

त्यानंतर काही काळाने ट्रिथेमियसची कथा माझ्या वाचनात आली आणि मी चकित झालो. रीड्स आणि अर्न्स्ट यांनी जे केले तेच त्या मुलाने केले होते. भुताला विसरा, आकडे मोजा. एकट्याच्या नोंदीवर विसंबू नका, ताडून पाहा. आणि उत्तर सापडले की हायडेलसारखे कुलपात ठेवू नका, टेबलावर मांडा. उलगड्याचे शास्त्र म्हणतात ते एवढेच आहे. ते मठातही चालते आणि मागावरही.

ट्रिथेमियसला मी दोष देत नाही. दुर्जनांच्या हाती विद्या पडू नये, ही त्याची चिंता खोटी नव्हती. पण विद्येवर त्याने भुतांचा बुरखा घातला आणि त्या बुरख्यानेच त्याचा घास घेतला. आज पगार, कर्ज, रेशन, नोकरीची निवड अशा कितीतरी गोष्टी आज्ञावल्या ठरवू लागल्या आहेत. त्यांच्या खुणा माणसांनीच बनवल्या आहेत. माणसाने बनवलेली खूण माणसाला वाचता येते, आणि जिच्यावर आपली भाकरी ठरते त्या खुणेची किल्ली मागणे हा आपला हक्क आहे.

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती शास्त्र आणि राजकारण चार भिंतींतून काढून मोकळ्या मैदानात आणण्यासाठी. ज्याला ऐकायचे आहे त्याने यावे आणि बसावे. अशा मैदानात शिकूनच माझ्यासारख्याला चार गोष्टी कळल्या. येथे रुमालाखाली काही चालत नाही. तो रुमाल इतर ठिकाणचाही दूर व्हावा, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.